गंजभर रक्त

सकाळचे साडेदहा वाजले तरी बोडीटोल्याच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. डॉक्टर सबनीस मॅडम आणि मी. बाकावर पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर रक्त घ्यायच्या बेचाळीस नळ्या, कापूस, स्पिरिटची बाटली. खाली बर्फाची पेटी. एकवीस माणसं यायची होती, प्रत्येकाच्या दोन नळ्या. आलं होतं फक्त एक कुत्रं. तेही पेटी हुंगून निघून गेलं.

"धानकापणी चालू आहे ना, म्हणून असेल," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. तसंच असेल."

तसं नव्हतं. कापणीला जाणारी माणसं शाळेवरूनच जात होती आणि शाळा आली की मान पलीकडे वळवत होती. परक्या गावात असं झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण हे माझ्या सख्ख्या मामाचं गाव. इथली निम्मी माणसं मला उघडा नागडा असल्यापासून ओळखत होती. मोतीराम आजानं तर मला खांद्यावर बसवून मंडईतली, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतली, नाटकं दाखवली होती. तोच मोतीराम आजा मला पाहून सायकलवरून उतरला, आणि सायकल हातात धरून तळ्याच्या पाळीवरून वळसा घालून गेला.

मी चोवीस वर्षांचा होतो. नागपूरहून तंत्रज्ञाचा कोर्स करून मॅडमच्या प्रकल्पावर लागलेला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली.

यादीतलं पहिलं नाव विशाखाचं होतं. माझ्या मामाची मुलगी.

आम्ही का आलो होतो ते सांगतो. शेजारच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, दिवाळीपासून काविळीची साथ होती. धडधाकट माणसं पंधरा दिवस पडून उठत होती. पण सिकलसेलच्या तिघांना ती लागली आणि त्यातला एक, एकोणीस वर्षांचा मुलगा, गेला. तो का गेला ते मॅडमनी मला जीपमध्ये सांगितलं होतं. जीप त्या स्वतःच चालवायच्या, आणि बोलताना रस्त्यापेक्षा माझ्याकडे जास्त बघायच्या, त्यामुळे त्यांचं प्रत्येक बोलणं मी जीव मुठीत धरून ऐकत असे.

"त्याचे डोळे जन्मापासून पिवळे," त्या म्हणाल्या होत्या. "सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात, डोळ्यांत पिवळेपणा असतोच. मग खरी कावीळ झाली तरी घरात कुणाला वेगळं दिसलंच नाही. पिवळ्यावर पिवळं कसं दिसणार?"

म्हणून त्या भागातल्या सगळ्या सिकलसेलवाल्यांचं रक्त घ्यायचं ठरलं. एक नळी लिव्हर तपासायला, दुसरी मॅडमच्या संशोधनाला. आणि दोनच दिवसांपूर्वी एस.टी. स्टँडवर बोडीटोल्याचा एक जण मला म्हणाला होता, "विसूनं जेवन सोडलं म्हंतेत गा." विसू म्हणजे विशाखा. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आठ दिवसांपूर्वी याच गावात समाजमंदिरापुढे आम्ही सभा घेतली होती. सभा चांगली भरली. मॅडमच्या संशोधनाचा विषय होता ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. ते गावात कसं सांगायचं यावर त्यांनी बराच विचार केला होता. त्या मूळच्या सांगलीच्या. आवाज खणखणीत, मराठी स्वच्छ. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या:

"ज्याला जेवण जात नसेल, त्यानं थांबू नये, लगेच तालुक्याला आमच्याकडे यावं. सिकलसेलच्या रक्ताला गंज लवकर चढतो. त्यात कावीळ झाली, की हा गंज दुपटीनं वाढतो. म्हणून प्रत्येकाच्या रक्तात किती गंज आहे, ते आम्ही मोजणार आहोत. ज्याचा गंज जास्त भरेल, त्याला आम्ही नागपूरला नेऊ."

सभेत सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. मला वाटलं, लोक भारावले. मी तर टाळ्याही वाजवल्या. एकट्यानं.

"मॅडम, मी जरा मामाकडे जाऊन येतो," मी म्हणालो.

"जा. आणि देवानंद," त्यांनी यादीवर बोट ठेवलं, "ही पहिली मुलगी तुझी नातेवाईक ना? तिला तरी घेऊन ये. एक आली की बाकीचे येतील."

मामी दारातच बसली होती, सुपात दाळ निवडत. मामा वारल्यापासून घरात मायलेकी दोघीच होत्या. पूर्वी मी दिसलो की ती लांबूनच ओरडायची, "आले गा आमचे जवाई!" आणि विशाखा आतून तिला काहीतरी फेकून मारायची. आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे ठरलेलीच गोष्ट. बारा वर्षांचा होईपर्यंत मी तिच्या नावानं इतका चिडवला गेलो होतो की पुढे चिडणंही सोडून दिलं. उन्हाळ्यात आम्ही सगळी मोहफुलं वेचायला जायचो. विशाखाला धावता यायचं नाही, पायात कळा यायच्या. मग ती झाडाखाली बसून आमच्या टोपल्या बघायची आणि निकाल द्यायची. तिच्या निकालावर अपील नसायचं. माझ्या सतराव्या वर्षी शाळेत तपासणी झाली. तिचा रिपोर्ट आला डबल, म्हणजे पूर्ण सिकल. माझा आला हाफ, म्हणजे मी नुसता वाहक. डॉक्टरनं माझ्या आईला समजावलं, की यांचं लग्न झालं तर निम्मी मुलं विशाखासारखी होऊ शकतात. त्यानंतर मामीनं मला जवाई म्हणणं सोडलं. एक शब्द वापरातून गेला, एवढंच.

"कायले आला?" मामीनं सुपातून मान वर केली नाही.

"विशाखा कुठे आहे?"

"नाई घरी. आत्याकडे गेली."

"मामी, तिची आत्या म्हणजे माझी आई. ती माझ्याकडे नागपूरला आहे."

आतून फसकन हसण्याचा आवाज आला, आणि मग खोकल्याची उबळ. मामीनं सूप आपटलं.

"हो, हाय घरात! अना नाई पाठवत मी तिले. जा, सांग तुह्या बाईले."

"मामी, अगं तिच्याच भल्यासाठी..."

"भल्यासाठी?" मामी उठून दारात आडवी उभी राहिली. ठेंगणी बाई, पण त्या दिवशी दार भरून उरली. "पोरीच्या आंगात रगत किती? मांगच्या खेपेले डाक्टरनं सांगतलं, सहा. लोकायच्या आंगात बारा-बारा रायते, माह्या पोरीच्या आंगात सहा. अना त्यातलं गंजभर तुमाले पायजे?"

"गंजभर?"

"नाई तं का! भरसभेत सांगतलं तुह्या बाईनं. कोनाचं किती गंज रगत भरते थे मोजतो, अना जास्त भरलं का नागपूरले नेतो. तिकडे नेऊन का करता, विकता? अना तू गा, लाज नाई वाटली, टाऱ्या वाजवत होता!"

मी तिथेच खांबाला टेकलो.

पुण्यासांगलीच्या लोकांना हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या झाडीपट्टीत गंज म्हणजे पातेलं. वरणाचा गंज, चहाचा गंज, लग्नात भाताचा मोठा गंज. लोखंडावर चढतो त्याला आम्ही म्हणतो जंग. सभेतल्या प्रत्येक माणसानं डोळ्यापुढे आपापल्या घरातलं पातेलं आणलं होतं, आणि मॅडम ते रक्तानं भरून मोजणार होत्या.

आणि हे मॅडमना कुणी सांगायला हवं होतं? त्यांनी विचारलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी जीपमध्ये मला सरळ विचारलं होतं, "देवानंद, लोखंड गंजतं त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? वेगळा शब्द आहे का?" जंग हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण नागपूरच्या होस्टेलात माझ्या बोलण्याला पोरं इतकी हसली होती की मी आरशापुढे उभा राहून बोली घासून काढली होती. आमच्या बोलीत ळ नाही, ण नाही. मी रोज सकाळी कावीळ, केळं, कळलं, पाणी असं घोकत असे. सांगलीच्या डॉक्टरबाईंपुढे जंग म्हणायची मला लाज वाटली. मी शब्द गिळला आणि म्हणालो, "नाही मॅडम. आमच्याकडेही गंजच म्हणतात."

"मामी, मला आत येऊ दे," मी म्हणालो. "रगत नाई काढत. नुसतं पाहतो तिले."

रगत, तिले. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. मामीनं माझ्याकडे नीट बघितलं आणि बाजूला झाली.

विशाखा मागच्या सपरीत, पडवीत, खाटेवर होती. मांडीवर मंडईच्या नाटकातल्या राणीचा घागरा, त्याला ती जरी लावत होती. गावातलं सगळं शिवणकाम तिच्याकडे असायचं. तिच्या डोळ्यांतला नेहमीचा पिवळा मला पाठ होता. लिंबाच्या सालीसारखा, फिका. त्या दिवशीचा पिवळा तो नव्हता. तो हळदीचा होता, आणि त्यात कुठेतरी हिरवट झाक होती. रोज बघणाऱ्या मामीला तो फरक कळणार नव्हता. सभेलाही विशाखा आली नव्हती, मी तिला दिवाळीनंतर पहिल्यांदा बघत होतो.

"आले साहेब," ती म्हणाली. आवाज खोल गेलेला.

"जेवतेस का?"

"वास आला का ओकारी येते."

"लघवी कशी होते?"

"हे काय विचारनं झालं?" ती सुईत दोरा ओवायला लागली. हात थरथरत होता. मग खाली बघूनच म्हणाली, "काऱ्या चहावानी. पाच-सहा दिवस झाले."

"आणि दुखण्याच्या गोळ्या घेतेस का?"

"गोऱ्या म्हन, गोऱ्या. घरात हायस तू." तेवढ्यातही तिनं मला सोडलं नाही. "दिवसाले आठ लागतेत. मांड्या लय दुखतेत."

दिवसाला आठ. आधीच सुजलेल्या लिव्हरवर रोज आठ गोळ्यांचा मारा. शेजारच्या टोल्यावरच्या पोराच्या उशाखालीही त्याच गोळ्यांची पाकिटं सापडली होती.

"मामी, ही सिकलची पिवळी नाई. हे कावीर आहे. हिले आत्ताच्या आत्ता मॅडमपाशी नेलं पायजे."

"कावीर?" मामी लेकीकडे वाकली. "तिचे डोरे तं जल्मापासून..."

"म्हनूनच त्या पोराच्या घरच्यायले समजलं नाई."

मामीला तो पोरगा माहीत होता. ती भिंत धरून खाली बसली. तरी म्हणाली, "पन रगत नाई देनार. गंजभर गेलं तं तशीच मरन माही पोरगी."

मी चुलीजवळ गेलो. तिथला वरणाचा गंज उचलला, घासलेला, स्वच्छ. हंड्यातलं पाणी त्यात काठोकाठ भरलं आणि मामीपुढे आणून ठेवला. मग फडताळातला चहाचा चमचा घेतला. त्या गंजातलं एक चमचा पाणी काढलं आणि तिच्या तळहातावर ओतलं.

"एवढं," मी म्हणालो. "दोन नळ्या मिळून एवढंच."

मामी कधी तळहाताकडे, कधी गंजाकडे बघत राहिली.

"मंग गंज कायले मोजता?"

"गंज नाई वो मामी. जंग. लोखंडावर नाई का चढत, लाल? तसा रगताले आतून चढते. मॅडम थे मोजतेत. त्यायच्या गावाकडे जंगाले गंज म्हंतेत."

"जंग!" मामीनं कपाळावर हात मारला. "मंग जंग म्हना ना रे बाप्पा! आठ दिवस झाले, गावातल्या बायायनं गंज लपवून ठेवलेत!"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. विशाखा मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"मॅडम सांगलीची," ती म्हणाली. "तू कोठचा?"

"काय?"

"तिले नाई माहीत, समजलं. तुले तं माहीत होतं. तिनं तुले इचारलं नाई?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. ती आजारी होती, मामी रडत होती, घाईची वेळ होती. कारणं हवी तेवढी होती. मी कोटाची बाही नीट केली.

"नाही," मी म्हणालो. "विचारलं नाही."

"बरं," विशाखा म्हणाली. तिनं घागरा बाजूला ठेवला, डावा हात पुढे केला. "काढ इथंच. तूच काढ."

सुई आणि तिच्या नावाच्या दोन नळ्या माझ्या कोटाच्या खिशात होत्याच. तिची शीर बारीक होती, कितीतरी सलाइनांनी दमलेली. पण माझ्या हाताला ती एका टोचणीत सापडली.

पुढचं सगळं भराभर झालं. मामीनं लेकीला खांद्याचा आधार देऊन शाळेकडे चालवत आणलं आणि वाटेतल्या प्रत्येक दारावर ओरडत आली, "चमचाभर रगत पायजे वो, चमचाभर! गंज नाई, जंग आहे थे जंग!" मॅडमनी विशाखाचे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, आणि एका मिनिटात जीपची किल्ली हातात घेतली. विशाखाला आणि मामीला घेऊन त्या तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. मी मागे राहिलो. दुपारपर्यंत सतरा माणसं आली. मोतीराम आजा घरून चमचा घेऊनच आला होता. "याच्यावर एक थेंब नाई," म्हणाला. त्याच्या रक्ताची गरजच नव्हती, त्याला सिकलसेल नव्हता. पण त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याचंही घेतलं.

संध्याकाळी तालुक्याच्या प्रयोगशाळेत मी सगळ्यात आधी विशाखाची नळी लावली. लिव्हरचा जो आकडा चाळीसच्या आत हवा, तो अकराशे चाळीस आला. मी पुन्हा लावली. अकराशे साठ. पाण्यातून येणारी कावीळ, मॅडम म्हणाल्या. गोळ्या तर त्यांनी आधीच बंद केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच आम्ही नागपूरला निघालो. मागे मामीच्या मांडीवर विशाखा पडलेली. मॅडम पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघून गाडी चालवत होत्या.

"विशाखा," त्या म्हणाल्या, "मामींनी मला गंजाचं सांगितलं. त्याच्या भीतीनं तुम्ही तालुक्याला आला नाहीत, तुझे आठ दिवस माझ्या एका शब्दानं गेले. मी तुझी माफी मागते."

मी आरशात बघितलं. विशाखा आरशातून माझ्याकडेच बघत होती. मी नजर काढून घेतली आणि बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या मोजायला लागलो.

"जाऊ द्या ना मॅडम," विशाखाच म्हणाली. "तुमाले कोनी सांगतलं नाई, तं तुमी का करान."

वॉर्डात तिसऱ्या दिवशी ती बडबडायला लागली. चौथ्या दिवशी तिनं मामीला ओळखलं नाही. लिव्हर थकलं, की विष डोक्यात चढतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मामी तिच्या हाताला हात लावून म्हणत होती, "मी आई वो, विसू, आई." विशाखा तिला मोहफुलांची टोपली दाखवायला सांगत होती. "दाखव, आधी दाखव. मंग सांगतो कोन आऊट."

त्या सकाळी मॅडम वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हातात एक कागद होता. रात्रभर त्या इथेच होत्या, साडी चुरगळलेली, केस सुटलेले.

"पत्र लिहिलंय," त्या म्हणाल्या. "गावातलं काम सोडतेय. प्रयोगशाळेत बसून नळ्या तपासणं मला जमतं, तेच करीन. ज्याला लोकांची भाषा येत नाही, त्यानं त्यांच्या दारात जाऊ नये. एक शब्द, देवानंद. सोन्यासारखी पोरगी जाईल त्यात."

"मॅडम, तुम्ही विचारलं होतं."

"काय?"

"मला. जीपमध्ये. लोखंड गंजतं त्याला काय म्हणतात म्हणून. आमच्याकडे जंग म्हणतात. मला माहीत होतं. गंज म्हणजे पातेलं, हेही माहीत होतं."

त्यांनी मान वर केली. "मग?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"जंग म्हणायची. तुमच्यासमोर."

मॅडम उठल्या, व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर गेल्या, खूप वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या. मला वाटलं, आता परत येऊन नोकरीवरून काढतील. त्यांनी काढावं असंच वाटत होतं. त्या परत आल्या तेव्हा पत्राचे चार तुकडे केलेले होते.

"तू मला लाजलास म्हणजे मीही तसं काहीतरी वागले असेन," त्या म्हणाल्या. "त्याचं मी बघीन. पण ती शुद्धीवर आली की तिला हे तू स्वतः सांगायचंस. नाही आली, तर तिच्या आईला सांगायचंस. माझ्या तोंडून कुणालाही कळणार नाही." आणि आत निघून गेल्या.

मामीला सांगायची वेळ येऊ नये म्हणून मी पुढचे तीन दिवस काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही. आम्ही बुद्धाची माणसं, नवस बोलत नाही. मी बोललो.

आठव्या दिवशी विशाखानं डोळे उघडले, मामीकडे बघितलं आणि म्हणाली, "वेनी कोनं घातली माही? तिरपी आहे."

पंधराव्या दिवशी तिला सोडलं. दवाखान्याच्या अंगणात कडुलिंबाखाली ऊन घेत ती बसली होती. मामी कागदपत्रं आणायला गेलेली. तिचे डोळे पुन्हा तिच्या मूळच्या पिवळ्यावर आले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. जीप, जंग, होस्टेलातला आरसा, तिच्या तोंडावर बोललेलं खोटं. एका दमात, आमच्या बोलीत.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माहीत होतं मले."

"मंग त्या दिवशी हात कसा पुढे केला? खोटं बोलनाऱ्यापुढे?"

"खोटं बोलला, पन हात थरथरत होता तुहा. माह्यापेक्षा जास्त. म्हटलं, हा भेला आहे. माह्यासाठी भेला आहे." तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग रगत का, मांगतलं असतं तं गंजभर देल्लं असतं."

मी तिच्याकडे बघूच शकलो नाही. समोर रिक्षावाले भांडत होते, मी त्यांच्याकडे बघत राहिलो. माझं तिच्यावर प्रेम होतं. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघांचे रिपोर्टही आम्हाला तोंडपाठ होते.

"देवा," ती म्हणाली, "आता लगन करून घे. आत्या कारजी करते. पन पोरीची टेस्ट करजो पयले. हाफ असन तं नाई म्हनजो. किती बी गोरी असो."

"करीन."

"आन."

मी तिच्या गळ्याची आण घेतली.

मी तसंच केलं. दोन वर्षांनी आधी तपासणी, मग लग्न. बायको चांगली मिळाली. लग्नात विशाखा मांडवात बसून नवरीच्या ब्लाउजची शिवण कुठे चुकली ते सगळ्यांना ऐकवत होती. त्यानंतर ती दहा वर्षं जगली, तिच्या रक्ताकडे बघून कुणी सांगितलं असतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. सबनीस मॅडमचं संशोधन पूर्ण झालं. गावोगाव त्या जंगच म्हणायच्या, आणि अगदी आमच्यासारखा म्हणायच्या.

मला दोन मुली आहेत. दोघींची तपासणी मी माझ्या हातानं केली, दोन-दोनदा. दोघींचे डोळे पांढरे स्वच्छ आहेत, आणि त्याचा मला आनंदच आहे. तरी त्या खळखळून हसल्या, की मी त्यांच्या डोळ्यांत विशाखाचा तो फिका पिवळा शोधतो. तो नसतो, आणि माझ्या पोटात तुटतं.